हळद-ओवा-लसणाचं 'हर्बल' प्रीमिक्स: ब्रॉयलरच्या मांसात खरंच फरक पडतो का? (नागपूरकडच्या मंडळींनी सांगावं)

कळमेश्वरकर

नमस्कार मंडळी. आमचं शेड कळमेश्वरच्या पुढे, काटोल रस्त्याला आत आहे. आम्ही कुठल्याही कंपनीच्या करारात नाही. पिल्लं स्वतः विकत घेतो, मका आणि सोया डीओसी (तेल काढलेली सोयापेंड) आणून खाद्य घरीच दळतो-मिसळतो आणि माल नागपुरातल्या ठरलेल्या दुकानदारांना देतो. म्हणजे खाद्यात काय घालायचं नि काय नाही, हे आमच्या हातात आहे.

मागच्या आठवड्यात एका कंपनीचा माणूस वनस्पतींपासून बनवलेलं प्रीमिक्स, म्हणजे खाद्यात मिसळायचं तयार मिश्रण, घेऊन आला होता. हळद, ओवा, लसूण, आवळा, तुळस, आणखी काही अर्क. पत्रकावर दावे बरेच आहेत: एफसीआर (किलोभर वजन वाढायला किती किलो खाद्य लागतं ते) सुधारेल, मरतूक कमी होईल, अँटिबायोटिक लागणार नाही आणि मांस मऊ, रसाळ, चवदार नि जास्त टिकाऊ होईल. पहिल्या दोन गोष्टी मला काट्यावर आणि रजिस्टरमध्ये दिसतील. अँटिबायोटिकचं औषधाच्या बिलावरून कळेल. पण मांसाचं काय? ते मी कसं पडताळू?

हे विचारण्यामागे एक कारण आहे. दर उन्हाळ्यात दुकानदारांकडून एकच तक्रार येते. गिऱ्हाईक म्हणतं, मांस पांढुरकं दिसतं, हाताला ढिलं लागतं आणि कढईत टाकलं की पाणी सुटतं. हिवाळ्यात त्याच शेडच्या, त्याच खाद्यावरच्या पक्ष्यांबद्दल कोणी काही बोलत नाही. या प्रीमिक्सनं ही तक्रार मिटणार असेल तर मी पैसे घालायला तयार आहे. नसेल मिटणार तर तेही स्पष्ट सांगा. जाणकारांनी वेळ काढून लिहावं, ही विनंती.

---

मौदावाला

भाऊ, आम्ही असलंच एक प्रीमिक्स वापरून पाहिलं. वजनात, एफसीआरमध्ये सांगण्यासारखा फरक नव्हता. मांसाचं आम्ही काही मोजलं नाही. शेड नवं होतं, खाली अंथरलेलं तूस नवं होतं, पिल्लंही चांगली आली होती. तोटा काही झाला नाही, खर्च मात्र वाढला.

---

पोल्ट्रीवैद्य

कळमेश्वरकर, प्रश्न चांगला मांडलात. पूरकाचा परिणाम आणि तुमची उन्हाळ्याची तक्रार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या आधी सुट्या करतो.

ही पूरकं बाजारात एवढी का आली, ते थोडक्यात. पूर्वी वाढीसाठी खाद्यात कमी मात्रेत अँटिबायोटिक घालायची पद्धत जगभर होती. स्वीडननं १९८६ मध्ये ती बंद केली, युरोपीय संघानं १ जानेवारी २००६ पासून पूर्ण बंद केली. आपल्याकडे २०१९ मध्ये कोलिस्टिन या अँटिबायोटिकच्या पशू-पक्ष्यांतल्या वापरावर बंदी आली, कारण माणसाच्या गंभीर आजारात शेवटी हाताशी उरणाऱ्या औषधांपैकी ते एक आहे. अँटिबायोटिक काढली की आतड्यातल्या जंतूंचं संतुलन कशानं राखायचं, या शोधात सेंद्रिय आम्लं आली, प्रोबायोटिक आली आणि वनस्पतींचे अर्कही आले. म्हणजे या पदार्थांचं मूळ काम आतड्यातलं. ओव्यातलं थायमॉल, ओरेगॅनोतलं कार्व्हाक्रॉल, लवंग-तुळशीतलं युजेनॉल, दालचिनीतलं सिनॅमाल्डिहाइड ही द्रव्यं जंतूंच्या पेशीचं आवरण मोडतात, हे प्रयोगशाळेत स्वच्छ दिसतं. पक्ष्याच्या पोटात गेल्यावर परिणाम मात्र शेडच्या परिस्थितीवर ठरतो. मौदावाल्यांचा अनुभव याच्याशी जुळतो. नवं शेड, नवं तूस, जंतूंचा ताण कमी, मग पूरकाला दाखवायला काम उरत नाही. जुन्या तुसावर, दाटीत, कॉक्सीचा (आतड्याच्या एका रोगाचा) मार बसलेल्या लॉटमध्ये हेच प्रीमिक्स जास्त उठून दिसतं.

आता मांस. मांसाच्या बाबतीत या वनस्पतींचा सगळ्यात पक्का मुद्दा म्हणजे ऑक्सिडेशन रोखणं, म्हणजेच चरबी खवट होऊ न देणं. ब्रॉयलरच्या चरबीत बहुअसंतृप्त मेदाम्लं भरपूर असतात, त्यामुळे ती लवकर खवटते. छातीपेक्षा मांडीत चरबी जास्त, म्हणून तिथे हा प्रकार आधी होतो. खाद्यात सोयाबीनचं किंवा भाताच्या कोंड्याचं तेल घालतो, त्यानं ही मेदाम्लं आणखी वाढतात. प्रयोगात हे टीबीएआरएस नावाच्या चाचणीनं मोजतात. ओरेगॅनो, हळद, ओवा, ग्रीन टी यांवरच्या बऱ्याच प्रयोगांत मांस काही दिवस थंडीत ठेवल्यावर हा आकडा कमी आलेला आहे. जीवनसत्त्व ई खाद्यात किलोला २०० मिलिग्रॅमच्या आसपास काही आठवडे दिलं तर हा परिणाम त्याहून ठळक आणि भरवशाचा मिळतो. तेव्हा तुमच्या प्रीमिक्सची तुलना 'काहीच न घालणं' याच्याशी करू नका, जीवनसत्त्व ई-शी करा. विकणारा ती तुलना स्वतःहून देणार नाही.

मऊपणा, रसाळपणा, चव यांबद्दल प्रयोगांचे निकाल एकसारखे नाहीत. काहींत पाणी कमी सुटलेलं दिसतं, काहींत काडीचाही फरक नाही.

आणि तुमची उन्हाळ्याची तक्रार वेगळ्याच जागची आहे. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात, ती मुख्यतः धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर टाकते. गाडीत, पिंजऱ्यात तापलेला, घाबरलेला पक्षी कापला की स्नायूंतल्या ग्लायकोजेनचं (साठवलेल्या साखरेचं) लॅक्टिक आम्ल झपाट्यानं तयार होतं. स्नायू अजून गरम असतानाच पीएच खाली जातो, म्हणजे आम्लता वाढते. गरम आणि आम्लधर्मी अशा स्थितीत प्रथिनं बिघडतात आणि पाणी धरून ठेवू शकत नाहीत. मांस फिकट, ढिलं, पाणी सोडणारं होतं. तुमचं गिऱ्हाईक जे तीन शब्द सांगतं, पुस्तकात त्याच तीन खुणा लिहिलेल्या आहेत. हा बिघाड मुख्यतः शेवटच्या दिवसात, काही तासांत होतो. पस्तीस-चाळीस दिवस हळद खाल्लेल्या पक्ष्यालाही तो चुकत नाही. फार तर थोडा कमी होईल.

---

उमरेडचा

कळमेश्वरकर भाऊ, तुमचं बरं हाय, खाद्य तुमच्या हातात हाय. आमी कंपनीवाले लोकं. पिल्लू त्याईचं, खाद्य त्याईचं, औषध त्याईचं, आमचं शेड, लाईट, पाणी अन् मेहनत. बाहेरची एक पुडी टाकाची सोय नाही. पण डॉक्टरसाहेब बोलले ते शंभर टक्के खरं हाय, ते म्या रोज पाहून रायलो.

मे महिन्यात गाडी येते दुपारी. नवतपा, म्हंजे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला रायते, शेडवर गोणपाट ओले केले तरी पक्षी चोच वासून बसते. अन् त्याच टायमाले पोट्टे येऊन एकेका हातात पाच-पाच पक्षी टांगून क्रेटमंदी कोंबते. क्रेट भरून गाडी वजनासाठी उभी, मंग कागदासाठी उभी. उभ्या गाडीत हवा नाही. मंग वरून पाणी मारते. पाणी मारून गाडी पळाली तर ठीक, उभी रायली तर आतमंदी नुसती वाफ. म्या सुपरवायझरले कित्येकदा म्हटलं, पहाटे तीनले गाडी पाठवा. त्यानं सांगतलं, गाड्याईचं टाइमटेबल वरून येते. आता सांगा, त्या पक्ष्याले तुळस चारून काय होईन?

---

मंगळवारी_चिकन

मी दुकानाकडून सांगतो. कळमेश्वरकरांचा माल माझ्याकडे येत नाही, पण तक्रारी त्याच येतात.

पहिली गोष्ट, आपल्याकडे गिऱ्हाईक जिवंत पक्षी बघून कापून घेतं आणि अर्ध्या तासात घरी जातं. जास्त दिवस टिकतं, याचा माझ्या गिऱ्हाइकाला काय फायदा? आज आणलं, आज खाल्लं. दुसरी गोष्ट, कातडी आम्ही सोलून देतो. झेंडू किंवा हळद घातल्यानं कातडी पिवळी होते म्हणून विकायला येणारे लोक असतात, त्यांना मी कातडीचा ड्रमच दाखवतो. तिसरी गोष्ट उमरेडच्या भाऊंची पुढची पायरी आहे. पक्षी सकाळी माझ्याकडे येतो आणि रविवार नसेल तर संध्याकाळपर्यंत पिंजऱ्यात उभा असतो. पत्र्याखाली, रस्त्याकडेला. सकाळी नऊला कापलेला आणि संध्याकाळी सातला कापलेला, एकाच गाडीतले दोन पक्षी, मांस वेगळं. सकाळचं गुलाबी, घट्ट, बोट लावलं तर परत वर येतं. संध्याकाळचं फिकट, ओलसर, ताटलीत ठेवलं की खाली पाणी. हे माझ्या रोजच्या बघण्यातलं आहे.

मी आता पिंजऱ्यासमोर कूलर लावलाय आणि उन्हाळ्यात पक्षी दोन खेपांत मागवतो. फरक आहे. तक्रारी पूर्ण गेल्या असं म्हणणार नाही.

---

गिरणीवाला

आमची छोटी फीड मिल आहे, त्यामुळे मिसळण्याच्या बाजूनं लिहितो.

ओवा, ओरेगॅनो, लसूण यांतली कामाची द्रव्यं उडून जाणारी आहेत. मॅश, म्हणजे नुसत्या दळलेल्या खाद्यात घातली तर निदान मिसळताना तरी टिकतात. पेलेट, म्हणजे खाद्याच्या दाबलेल्या गोळ्या, काढताना वाफेनं खाद्य ८० अंशांच्या वर जातं, तिथे बराच भाग हवेत जातो. गिरणीत घमघमाट सुटला की लोक खूश होतात, पण तो वास म्हणजे बाहेर गेलेला माल. म्हणून चांगल्या कंपन्या तेलाला चरबीचं किंवा दुसरं आवरण देतात. साधी पूड असेल तर खाद्य दळल्यावर लवकर संपवा. पत्र्याच्या गोदामात एप्रिल-मेमध्ये पोती पडून राहिली तर आत काय शिल्लक उरतं, ते उघडल्यावर नाकालाच कळतं.

मात्रेचं बघा. हळदीच्या पुडीवरच्या प्रयोगांत साधारण अर्धा ते एक टक्का मात्रा असते. अर्धा टक्का म्हणजे टनाला ५ किलो. हळदीत ४ टक्के कर्क्युमिन धरलं तर टनाला २०० ग्रॅम कर्क्युमिन झालं. आता तुमच्या प्रीमिक्सची मात्रा टनाला २५० किंवा ५०० ग्रॅम असेल आणि त्यात हळद धरून पाच-सहा वनस्पतींची साधी पूड असेल, तर प्रत्येकीचं किती पोचलं, हे तुम्हीच काढा. अर्क असेल तर गोष्ट वेगळी. पिशवीवर अमुक द्रव्य इतके टक्के असं लिहिलेलं नसेल तर घेऊ नका.

खर्चाचं गणितही सोपं आहे. २.२ किलोचा पक्षी १.६ एफसीआरनं साधारण साडेतीन किलो खाद्य खातो. अर्ध्या टक्क्यानं साडेसतरा ग्रॅम हळद झाली. किलोला १५० रुपये धरले तर पक्ष्यामागे २ रुपये ६० पैशांच्या वर जातं. स्वतंत्र शेडवाल्याला भाव पडलेला असताना पक्ष्याच्या किलोमागे जवळपास सव्वा रुपया फार मोठा असतो.

शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. स्वस्तातली मसाल्याची पूड खाद्यासाठी आणू नका. हळदीत मेटॅनिल यलो आणि लेड क्रोमेट या पिवळ्या रंगांची भेसळ होते. लेड म्हणजे शिसं, ते पक्ष्यात साठतं आणि तिथून ताटात जातं. ओल लागलेल्या, बुरशी आलेल्या मसाल्यात अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष असू शकतं. यकृत वाचवायला हळद घालायची आणि तिच्यातूनच यकृताचं विष द्यायचं, असं होऊन बसेल. पावसाळ्यात मका चौदा टक्क्यांच्या वर ओला असेल तर आधी तो वाळवा. कुठल्याही हर्बल पुडीपेक्षा त्यात जास्त फायदा आहे.

---

वर्धेचा_हळदवाला

गिरणीवाले दादांच्या भेसळीच्या मुद्द्याला पूर्ण पाठिंबा. उपाय म्हणजे पूड न घेता हळकुंड घ्या आणि स्वतः दळा. वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, कर्क्युमिनही चांगलं असतं. वायगाव समुद्रपूर तालुक्यात आहे, नागपूरहून काही लांब नाही. आकारानं लहान राहिलेली, तुटलेली हळकुंडं खाण्याच्या बाजारात कमी भावानं जातात, गुणात ती कमी नसतात. खाद्यासाठी तीच घ्या.

एक सावधगिरी सांगतो. पॉलिश करताना ड्रममधून जो पिवळा भुसा निघतो, तो 'पोल्ट्रीसाठी हळद' म्हणून विकणारे आहेत. त्यात साल आणि माती जास्त असते. तो घेऊ नका.

---

सुगरण_धंतोली

मी पोल्ट्रीतली नाही, खाणारी आणि रांधणारी आहे. वाचून बरंच कळलं. तीन गोष्टी विचारायच्या आहेत.

लसूण, ओवा खाल्लेल्या कोंबडीच्या मांसाला तो वास येतो का? आमच्याकडे मुलगा लसणाच्या वासानंच ताट सरकवतो.

दुसरं, ब्रॉयलरला वाढीचं इंजेक्शन देतात असं सगळेच म्हणतात. हर्बल खाद्यावर वाढवली म्हणजे ते इंजेक्शन नसतं का?

तिसरं, सावजी रस्सा करायचा तर गावरानच लागतो, ब्रॉयलर त्यात पार विरघळते. या वनस्पतींनी ब्रॉयलर गावरानसारखी होईल का? तसं कोणी सांगत असेल तर मी दोन पैसे जास्त द्यायला तयार आहे.

---

पोल्ट्रीवैद्य

सुगरणताई, क्रमानं सांगतो.

नेहमीच्या मात्रेत वास सहसा जाणवत नाही. फार जास्त लसूण दिला तर येऊ शकतो. खाद्यातून मांसात वास येण्याचं ठळक उदाहरण मासळीचं आहे. फिशमील किंवा मासळीचं तेल जास्त झालं तर चव बदलते. खवट तेल वापरलं तरी बदलते.

इंजेक्शनचं खरं नाही. ब्रॉयलर लवकर वाढतो तो पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवड-पैदाशीमुळे, आणि त्याला तोलून दिलेल्या खाद्यामुळे. हजारो पक्ष्यांना एकेक धरून वाढीचं इंजेक्शन देणं कुठल्याच शेडवाल्याला परवडणार नाही. लसी मात्र देतात, बहुतेक डोळ्यात थेंब टाकून किंवा पाण्यातून, त्या रोगासाठी. काळजी करायचीच असेल तर अँटिबायोटिकचे अंश राहण्याची करा. औषध दिल्यानंतर ठरलेले दिवस थांबून मगच पक्षी विकायचा असतो, तो नियम पाळला गेला का, हे विचारा. आणि 'हर्बल' लिहिलं म्हणजे अँटिबायोटिक दिलं नाही असा अर्थ होत नाही. दोन्ही एकाच वेळी देणारे लोक आहेत.

गावरानचं उत्तर 'नाही' असंच आहे. गावरान पक्षी कित्येक महिन्यांचा, हिंडलेला-फिरलेला असतो. त्याच्या स्नायूंतलं कोलॅजन (स्नायू बांधून ठेवणारं प्रथिन) पक्कं झालेलं असतं, म्हणून तो तासभर रटरटला तरी तुकडा धरून राहतो आणि रश्श्याला अंग येतं. ब्रॉयलर सहा आठवड्यांचं पिल्लू असतं. वय खाद्यात मिसळता येत नाही. गावरानसारखी चव होईल असं सांगून कोणी जास्त पैसे मागत असेल तर देऊ नका.

तुम्हाला ब्रॉयलर चांगलं हवं असेल तर एक करून बघा. कापल्यानंतर पहिल्या काही तासांत स्नायू आखडतात, मग सैल पडतात. आखडलेल्या अवस्थेतच शिजवलं की चिवट लागतं. आपण नेमकं तेव्हाच शिजवतो. मीठ-हळद-दही लावून चार-सहा तास फ्रीजमध्ये ठेवा आणि मग फोडणीला टाका.

---

सुगरण_धंतोली

धन्यवाद डॉक्टरसाहेब. माझी आजी नेहमी म्हणायची, सकाळी आणलेलं रात्री शिजव. ती मुरण्यासाठी म्हणते असं वाटायचं.

---

कळमेश्वरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

मंगळवारीच्या दादांचा मुद्दा मात्र मनात अडकलाय. आज आणलं, आज खाल्लं, तर टिकाऊपणाचा उपयोग कोणाला? मग या पूरकाचा मांसावर जो एकच पक्का परिणाम आहे, तो आपल्या बाजारात वायाच जातो की काय?

आणि डॉक्टरसाहेब, घरच्या घरी मोजायची काही रीत असेल तर सांगा. प्रयोगशाळेत नमुने पाठवणं माझ्यासारख्याला दरवेळी जमणार नाही.

---

पोल्ट्रीवैद्य

तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. दुकानात कापून लगेच शिजणाऱ्या मालासाठी खवटपणा रोखण्याचा उपयोग थोडाच. पण नागपुरात थंड साखळीतून, पॅकेटमधून मांस मागवणारे वाढताहेत, हॉटेलवाले दोन-तीन दिवसांचा साठा ठेवतात, फ्रोझन माल बाहेर जातो. तिथे तो उपयोगाचा आहे. तुम्ही तिकडे माल देणार असाल तर जीवनसत्त्व ई आणि या वनस्पती यांचा विचार जरूर करा. जिवंत विक्रीच करणार असाल तर पूरक आतड्यासाठी घ्या, मरतूक आणि एफसीआरवर तोला, आणि मांसाचा दावा बाजूला ठेवा.

मोजायची रीत सांगतो. अवघड नाही, फक्त शिस्त लागते.

एकाच शेडमध्ये, एकाच दिवशी आलेली पिल्लं जाळी लावून दोन भागांत ठेवा. एका बाजूला पंखा नि दुसऱ्या बाजूला भिंत असं नको. जमलं तर चार-सहा कप्पे करा आणि आलटून-पालटून एकाआड एक द्या. खाद्य एकाच दळणाचं, एकात पूरक, दुसऱ्यात नाही. मागच्या लॉटशी तुलना करू नका. हवा, पिल्लं, मका, सगळंच बदललेलं असतं.

विक्रीच्या दिवशी दोन्हीकडचे आठ-दहा पक्षी घ्या, वजन सारखं असलेले. एकाच माणसानं, आलटून-पालटून कापावेत. छातीच्या एकाच जागेचा साधारण १०० ग्रॅमचा तुकडा काढा. ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर वजन लिहा. मग दोऱ्यानं बांधून प्लास्टिकच्या पिशवीत असा लटकवा की तुकडा पिशवीला टेकणार नाही. पिशवीचं तोंड बांधून २४ तास फ्रीजमध्ये टांगून ठेवा. दुसऱ्या दिवशी तुकडा कागदानं हलकेच टिपून पुन्हा तोला. १०० चे ९७ झाले तर ३ टक्के पाणी गेलं. हीच पद्धत संशोधक वापरतात.

नंतर तोच तुकडा पिशवीत बंद करून ८० अंशांच्या पाण्यात आतून ७५ अंश होईपर्यंत शिजवा, गार करा, तोला. कढईत किती पाणी सुटणार, ते यावरून कळेल. पीएच मोजायचा असेल तर मांसात खुपसायचा मीटर मिळतो. दुसऱ्या दिवशी छातीचा पीएच ५.७ ते ६ च्या दरम्यान असतो. ५.७ च्या खाली आणि रंग फिकट असेल तर बिघाड उन्हाचा नि धावपळीचा आहे असं समजा. खुणेच्या चिठ्ठ्या लावा, आणि तोलणाऱ्याला कुठला तुकडा कुठल्या गटाचा, हे सांगू नका.

चवीसाठी मांडीचे तुकडे फक्त मिठाच्या पाण्यात शिजवा. सावजी मसाला घातला तर काहीच कळणार नाही. तीन वाट्या ठेवा, दोन एका गटाच्या, एक दुसऱ्या गटाची. घरच्या माणसांना वेगळी वाटी ओळखायला सांगा. उरलेलं फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी गरम करून पुन्हा हेच करा. शिळा, पुठ्ठ्यासारखा वास ज्या गटाला कमी येईल, तिथे ऑक्सिडेशन कमी झालं. पूरकाचा फरक दिसायचा असेल तर इथेच दिसेल.

सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात जाऊन कुक्कुटपालनाच्या विभागात भेटा. विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी शेतावरचे प्रयोग हवे असतात. आणि कृषिकोश या संकेतस्थळावर देशभरच्या कृषी नि पशुवैद्यकीय विद्यापीठांचे प्रबंध फुकट वाचायला मिळतात. हळद, ओवा, आवळा, शेवग्याचा पाला, अश्वगंधा यांवर भरपूर काम तिथे आहे.

---

मौदावाला

डॉक्टरसाहेब, हे आधी कोणी सांगितलं असतं तर आम्हीही तुकडे टांगून पाहिले असते. पुढच्या लॉटला जाळी लावतो. माझं तूस आता जुनं झालंय, म्हणजे तुमच्या म्हणण्याप्रमाणे फरक दिसायची शक्यता आता जास्त.

---

पोल्ट्रीवैद्य

दिसू शकेल. पण त्यासाठी तूस मुद्दाम जुनं ठेवू नका!

---

उमरेडचा

अन् कळमेश्वरकर भाऊ, रात्रीची गाडी करून पाहाच. तुमच्या हातात हाय तर सोडू नोका. क्रेटमंदी दोन-तीन पक्षी कमी भरा, पकडाले अंधारात निळा बल्ब लावा, पक्षी शांत रायते. दुपारी अकरा ते चार खाद्य वर उचलून ठेवा, पाणी थंड ठेवा. पोटात खाद्य जिरताना पक्षी आतून तापते.

---

कळमेश्वरकर

ठरलं माझं. येत्या उन्हाळ्याच्या लॉटला दोन्ही गोष्टी करतो, पूरकही आणि पहाटेची गाडीही.

---

गिरणीवाला

दोन्ही एकदम केलं तर फरक कशानं पडला, ते कसं कळणार?

---

पोल्ट्रीवैद्य

गिरणीवाले बरोबर बोलताहेत. शेडमध्ये दोन गट करताच आहात. विक्रीच्या वेळी प्रत्येक गटातले निम्मे पक्षी पहाटे पाठवा, निम्मे नेहमीच्या वेळी. म्हणजे चार गट होतील: पूरक-पहाट, पूरक-दुपार, साधं-पहाट, साधं-दुपार. त्या हिशोबानं पक्षी जास्त लागतील, गटामागे आठाच्या खाली जाऊ नका. माझा अंदाज असा की पहाट आणि दुपार यांतला फरक पूरक आणि साध्यातल्या फरकापेक्षा मोठा येईल. पण आकडे तुमचे, ते जे सांगतील ते इथे लिहा. उलट आले तरी लिहा.

खाद्य विक्रीआधी आठ ते दहा तास बंद, पाणी शेवटपर्यंत चालू, हे चारही गटांना सारखंच ठेवा. नाहीतर भरलेल्या पोटाचं वजन मध्येच घोळ घालेल.

---

मंगळवारी_चिकन

कळमेश्वरकर दादा, चारही गटांचे पक्षी माझ्याकडे पाठवा, मी विकत घेतो. क्रेटला रंगीत दोरी बांधा, कुठला रंग कशाचा ते मला सांगू नका. पहाटेचे आले की पहाटेच कापू, दुपारचे आले की लगेच. पिंजऱ्यात कोणालाच ठेवणार नाही. दुकानामागे जुना फ्रीज आहे, तो रिकामा करून ठेवतो. काटा माझा किलोचा आहे, त्यावर ग्रॅम नीट दिसत नाही, तेवढा सोनाराचा काटा तुम्ही घेऊन या.